एला फिट्झजेराल्ड यांची बर्लिनची मैफल कशी ऐकावी

जॅझ गायिका मंचावर नेमके काय करते, हे समजून घ्यायचे असेल, तर एला फिट्झजेराल्ड यांनी १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या डॉइचलांडहाले सभागृहात केलेल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी. मात्र पहिल्यांदा ऐकताना आवाजाच्या मागे धावू नये. साथीला पियानो, गिटार, बास (खर्जातल्या स्वरांचे मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम एवढेच आहे. त्यांपैकी विल्फ्रेड मिडलब्रुक्स यांच्या बासवर कान ठेवावा, कारण लय आणि स्वरसंगती कुठे चालली आहे, ते त्यावरूनच सर्वांत लवकर कळते.

प्रथम 'मॅक द नाइफ' घ्यावे. कुर्ट वाइल यांनी ही चाल १९२८ साली बर्लिनमध्येच रंगमंचावर आलेल्या संगीत नाटकासाठी बांधली होती. शब्द आठवतील अशी आशा एला गाण्याआधीच बोलून दाखवतात आणि काही कडव्यांनंतर ते खरोखरच निसटतात. इथे मागे जाऊन तोच भाग बासच्या आधाराने पुन्हा ऐकावा: शब्द गेले तरी लय ढळत नाही, पुढे काय येते हा प्रश्नच त्या चालीत बसवून गातात, हे गाणे गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावे ओळींत गुंफतात आणि आर्मस्ट्राँग यांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही करतात. या मैफलीला मिळालेल्या दोन ग्रॅमींपैकी एक याच गाण्यासाठी आहे. सगळे शब्द नीट आठवले असते, तर ते मिळाले असते का, याविषयी मला शंका वाटते.

त्यानंतर 'हाउ हाय द मून'. चार मात्रांचा एक बार, अशा ३२ बारचे याचे आवर्तन आहे. शब्दांसह गायलेले आवर्तन बोटांवर मोजून घ्यावे, म्हणजे निरर्थक अक्षरांचे उत्स्फूर्त गायन, अर्थात स्कॅट, सुरू झाल्यावर वाट चुकत नाही. त्यात त्या इतर गाण्यांचे तुकडे झरझर पेरत जातात. सगळे ओळखण्याचा हट्ट धरू नये. उसनी चाल कुठे सुरू होते आणि ती मूळ आवर्तनात कशी चपखल बसते, एवढेच पाहावे. शेवटाकडे डोळ्यांत धूर जाण्याविषयीच्या एका प्रसिद्ध ओळीत त्या धुराऐवजी घाम घालतात. तिथवर मोजणी सुटली असेल, तर पुन्हा पहिल्या आवर्तनापासून मोजावे.