सहावी-सातवीच्या मुलांना कुकर लावायला शिकवताना

ओट्याशी उभं राहून कुकरचा तळ दिसतोय, एवढी उंची झाली की मुलगा असो वा मुलगी, वरण-भाताचा कुकर शिकवायला घ्यावा. स्टुलावर चढवून शिकवू नका. स्टूल हललं की हात आधार शोधतो आणि तो नेमका गरम भांड्यावर पडतो.

पहिला दिवस फक्त गॅसचा. बर्नरजवळ लायटर धरायचा, मग नॉब फिरवायचा. दोन-तीन सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद, खिडकी उघडी, मिनिटभर थांबायचं. वास येत असेल तर दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून मोठ्यांना हाक मारायची. गॅसगळतीसाठीचा १९०६ हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी रिकामा, थंड कुकर. झाकण दहा वेळा लावायचं आणि काढायचं. शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का ते पाहायचं. डाळीचं साल अडकलं तर वाफ कोंडते. हा दिवस मुलांना कंटाळवाणा वाटतो, तरी तो गाळू नये.

आता खरा कुकर. एक वाटी तूरडाळ तीन पाण्यांनी धुऊन त्यात अडीच-तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, चार थेंब तेल. तेलाने फेस कमी येतो, नाहीतर शिट्टीतून पिवळं पाणी उडतं आणि टाइल्स पुसत बसावं लागतं. आमसूल किंवा चिंच आत्ता नाही, आंबटाने डाळ शिजत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर थोडं कमी. भांडी निम्म्याच्या वर फार भरू नयेत.

कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी. मुलं हमखास विसरतात ते हेच. भांड्यांत पाणी घातलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. तळ कोरडा राहिला तर शिट्टी होत नाही, करपल्याचा वास येतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर असेल तर त्या पाण्यात लिंबाची साल टाका, आतून काळा पडत नाही. डाळ खाली, भात वर.

मोठ्या आचेवर चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. मोजणी चुकते, म्हणून ओट्यावर चार शेंगदाणे ठेवा: प्रत्येक शिट्टीला एक खायचा. शिट्टीऐवजी झाकणाच्या कडेने वाफ येत असेल तर रिंग सैल झाली आहे. गॅस बंद करून, कुकर गार झाल्यावर रिंग काढायची, गार पाण्यात बुडवून परत बसवायची. तरी तेच झालं तर नवी आणा.

गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग चमच्याच्या टोकाने शिट्टी जरा उचलून पाहायची. ‘फुस्स’ झालं तर अजून थांबायचं. झाकण जोर लावून उघडावं लागतंय म्हणजे आत वाफ आहे. उघडताना तोंड बाजूला आणि भांडी सांडशीनेच काढायची. ओल्या फडक्यातून चटका लगेच बसतो.

तुम्ही मात्र हात मागे बांधून उभे राहा. भात गिचका झाला तर होऊ द्या, पाणी किती घातलं होतं एवढंच विचारा. फोडणी पुढच्या आठवड्यात. डाळ घोटून, मीठ घालून, वर साजूक तूप घेतलं की आज भागतं.

जेवणानंतर शिट्टी आणि रिंग ज्याने कुकर लावला त्यानेच धुवायची, आणि रिंग झाकणात न बसवता बाजूला वाळत ठेवायची.