४८६ मदरबोर्डवर 'कीबोर्ड एरर': माझा अनुभव

जुना ४८६ (इंटेल ४८६ प्रोसेसरचा पीसी) सुरू होतो, व्हीजीए (डिस्प्ले) कार्डवर चित्रही स्वच्छ येतं, पण मेमरी मोजून झाली की 'कीबोर्ड एरर'. तीन कीबोर्ड बदलले, बायोस चिप (सुरुवातीची तपासणी करणारा प्रोग्राम असलेली) काढून पुन्हा बसवली, फरक नाही. दोन रविवार नुसती चिडचिड.

कारण निघालं कीबोर्ड सॉकेटशेजारची, तारीख जपणारी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळली की आतला अल्कली तांब्याच्या रेषा खातो. हिरवट डाग दिसला की समजावं.

आधी बॅटरी कापून काढली. डागावर कापसाने पांढरं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड पूर्ण दिवस वाळवला. सॉकेटच्या पिन ५ वर ५ व्होल्ट मिळाले, म्हणजे फ्यूज शाबूत. वीज बंद करून पिन १ (क्लॉक) ते ४० पायांच्या कीबोर्ड कंट्रोलरची (कीबोर्ड सांभाळणारी चिप) पिन १ तपासली: मल्टिमीटरचा बीप नाही, म्हणजे मधली रेष तुटलेली. त्या दोन टोकांत बारीक इन्सुलेटेड तार सोल्डर केली आणि कीबोर्ड चालू झाला!

तशीच बॅटरी बोर्डावर पुन्हा लावू नका. मी बोर्डावरच्या बाहेरच्या बॅटरीसाठीच्या कनेक्टरला तीन एए सेल जोडले, प्लसच्या तारेत १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा; पट्टी बोर्डाकडे), जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) 'एक्स्टर्नल'वर. तारीख आता टिकते.