कॅन्सर आणि रक्तविकारतज्ज्ञांनो, सीएमईच्या पॉइंटबाबत या चुका टाळा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर 5 वर्षांनी रिन्यू करायची आणि त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांचे, 30 क्रेडिट पॉइंट लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी पाचव्या वर्षी धावपळ होतेच. प्रमाणपत्र हातात पडलं म्हणजे पॉइंट जमा झाले, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

पॉइंट कौन्सिलचे असतात, आयोजकांचे नव्हेत. कार्यक्रमाला आधी मान्यता घ्यावी लागते आणि हजेरी कौन्सिलपर्यंत पोचावी लागते. नोंदणी क्रमांकातला एक आकडा चुकला तरी सगळं अडतं. म्हणून फी भरण्याआधी माहितीपत्रकावर मान्यता आणि पॉइंट बघून घ्या, आणि परिषद झाली की महिन्याभरात लॉगिन करून खातं तपासा. पॉइंट दिसत नसतील तर लगेच आयोजकांना गाठा. चार वर्षांनी ती समितीच जागेवर नसते.

परदेशातली परिषद कितीही मोठी असो, तिचे पॉइंट आपोआप मिळतील असं समजू नका. निघण्याआधी कौन्सिलला लेखी विचारा. तिकीट कोण काढतंय तेही बघा. मार्च 2024 च्या औषध कंपन्यांच्या आचारसंहितेनुसार, तुम्ही वक्ते नसाल तर प्रवासखर्च कंपनीने करायचा नाही. महागड्या औषधांच्या आपल्या शाखेत हे जास्तच जपायला हवं.

पण माझ्या मते खरी चूक पुढेच आहे: मिळेल त्या सीएमईला बसून आकडा भरणं. मधुमेहाच्या व्याख्यानाचेही पॉइंट भरतात, पण निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेऊन गावी परतलेल्या रुग्णाला जुलाब लागले तर तिथे ते कामाला येत नाहीत. संसर्ग समजून अँटिबायोटिक देत राहिलं, तर औषधामुळेच सुजलेलं आतडं तसंच राहतं. गरज असते स्टेरॉइडची. एपीएल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचा नुसता संशय आला तरी जनुकीय रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी एटीआरए हे औषध सुरू करायचं, कारण रक्तस्रावाने रुग्ण आधीच हातचा जातो. 2023 मध्ये नेक्सकार19 या भारतीय कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) मंजुरी मिळाली, तेव्हापासून कार-टी उपचारानंतरचा ताप ओळखणंही आलंच. निम्मे पॉइंट तरी अशा विषयांना राखून ठेवा.

दरवर्षी सहा पॉइंट झाले की पाचव्या वर्षी कुणाला फोन करावे लागत नाहीत. आणि डीएमची (सुपरस्पेशालिटीची) पदवी अतिरिक्त अर्हता म्हणून अजून नोंदवली नसेल, तर तो अर्जही रिन्युअलची वाट न बघता आताच करून टाका.