दसऱ्याआधीचे चार तास: प्रशालेत लैंगिक आरोग्य कसं शिकवावं

बीड-जालन्याकडच्या जिल्हा परिषद प्रशालेत हे वर्ग जुलै ते सप्टेंबरमध्येच घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उसाला निघाल्या की आठवी-नववीचे बाक रिकामे होतात. जानेवारीत डॉक्टर बोलावून सगळ्या शाळेपुढं केलेलं भाषण म्हणजे फोटोपुरतं काम. त्यापेक्षा चार आठवडे, दर आठवड्याला एक जोडतास, वर्गात चाळीसच्या वर मुलं नकोत.

आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. हा विषय निघाला की वाद होतोच. 2007 मध्ये राज्यानं त्यावर बंदीच घातली होती. म्हणून चारही तासांत काय बोलणार ते फळ्यावर लिहा, वापरायची चित्रं दाखवा. गोड नावाखाली विषय लपवला तर वही घरी उघडल्यावर भांडण दुप्पट होतं.

प्रश्नपेटीला बुटाचं खोकं पुरतं. सगळ्यांना एकाच मापाचे कागद द्या आणि प्रत्येकानं लिहायचंच, प्रश्न नसेल तर आवडती भाजी. नाहीतर कोण लिहितंय हे शेजाऱ्याला दिसतं आणि पेटी रिकामी राहते. चिठ्ठ्या आदल्या दिवशी वाचा, वर्गात आपल्या शब्दांत मांडा, मग फाडून टाका. अक्षर ओळखू येतं.

पहिला तास अवयवांच्या नावांचा. शिश्न, योनी, अंडकोष, गर्भाशय हे शब्द सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचे. हसतील. रागावू नका, दहा मिनिटांत ओसरतं.

दुसरा तास पाळीचा, मुलांसकट. औषधाचा पाच मिलिलिटरचा चमचा घ्या आणि बीटचं पाणी सहा ते आठ चमचे पेल्यात मोजा. एका पाळीत साधारण एवढंच, 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 'अंगातलं सगळं रक्त जातं' ही भीती तिथंच मोडते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड वापरत असतील तर ते उन्हात वाळवायचं. साडीखाली दडवून वाळवलेलं दमट राहतं आणि खाज, जळजळ सुरू होते. तासातासाला पॅड भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांवर लांबली तर दवाखाना. शाळेच्या संडासात पाणी नसेल तर आधी ते बघा, तास नंतर.

तिसऱ्या तासाला पेटीत मुलांच्या चिठ्ठ्या जास्त निघतात: अशक्तपणा, 'धातू जाणं', स्वप्नदोष. बसस्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच भीतीवर चालतात. मुळात 'दोष' हा शब्दच चुकीचा. झोपेत वीर्य जाणं या वयात नैसर्गिक आहे, त्यानं ताकद कमी होत नाही. एचआयव्ही कशानं पसरतो आणि कशानं नाही, कंडोम काय काम करतो, हेही इथंच सांगा. पुढच्या शंकांसाठी एड्स हेल्पलाइन 1097 आणि सरकारी दवाखान्यातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक.

चौथा तास संमती आणि कायद्याचा. लग्नाचं वय मुलीचं 18, मुलाचं 21. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, हे बहुतेक मुलींना माहीत नसतं. 1098 हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायला लावा.

या तासानंतर एखादी मुलगी किंवा मुलगा वर्गात मागं रेंगाळेल. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खोदून खोदून विचारू नका, चार शिक्षकांपुढं पुन्हा बोलायला लावू नका. मूल जे शब्द वापरेल तेच कागदावर घ्या, खाली तारीख आणि वेळ टाका.