परवडणाऱ्या व्हिस्क्या शेजारी ठेवून कशा चाखाव्यात

नुसती स्कॉच पिऊन स्कॉच कळत नाही. तिच्या शेजारी बर्बनचा, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीचा, ग्लास ठेवला की पहिल्या वासातच दोघींचा स्वभाव उघड होतो. म्हणून व्हिस्कीची समज वाढवायची असेल तर एका महागड्या बाटलीपेक्षा वेगवेगळ्या देशांच्या चार साध्या बाटल्या घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. साध्या बाटलीत त्या परंपरेचा पाया स्पष्ट दिसतो: धान्य कोणतं, पिंप नवं की आधी वापरलेलं, धान्य धुरावर वाळवलं की नाही. दुर्मीळ बाटलीत या पायावर लांबलचक साठवणीचे आणि खास पिंपांचे इतके थर चढलेले असतात की नवशिक्याच्या हाती मूळ चव लागत नाही.

बाटल्या निवडणं

एक ब्लेंडेड (वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून केलेली) स्कॉच, एक आयरिश, एक बर्बन आणि चौथी अमेरिकन राय (राय नावाच्या धान्याची व्हिस्की) किंवा जपानी. यापेक्षा जास्त एका बैठकीत नकोत, नाक थकतं. स्कॉचमध्ये थोडा धुरकट वास हवा असेल तर जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, आयरिशमध्ये जेमसन किंवा बुशमिल्स, बर्बनमध्ये जिम बीम किंवा एव्हन विल्यम्स, जपानीत सनटोरी तोकी. या बाटल्या सुरुवातीला उत्तम, कारण त्या सहज मिळतात आणि दर वेळी जवळपास सारख्याच लागतात.

लेबल नीट वाचा, त्यामागे कायदा असतो. स्कॉच स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि पिंप नवं, आतून जाळलेलं असावं लागतं. ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल तर किमान २ वर्षं मुरलेली. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ च्या अमेरिकन कायद्यातून आला. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला, किमान ४ वर्षं मुरलेला आणि ५० टक्के अल्कोहोलचा माल, असा त्याचा अर्थ. कमी पैशांत भरवशाचं बर्बन शोधणाऱ्यानं हा शिक्का आधी पाहावा.

दोन ठिकाणी सावध राहा. कॅनडात ‘राय’ हा शब्द नुसत्या कॅनेडियन व्हिस्कीलाही चालतो, त्यात रायचं प्रमाण जास्त असेलच असं नाही. रायची चव समजून घ्यायची तर अमेरिकन बाटली घ्या, तिथे ५१ टक्क्यांची अट आहे. जपानमध्ये आयात केलेला माल मिसळूनही ‘जपानी’ म्हणून विकला जात असे. तिथल्या उत्पादक संघटनेनं २०२१ मध्ये आपल्या सदस्यांसाठी नियम घातले: आंबवणं आणि ऊर्ध्वपातन जपानमध्येच, आणि किमान ३ वर्षं तिथेच मुरवणं.

मांडणी

वर निमुळता होत जाणारा ग्लास घ्या, सगळे एकसारखे. तो नसेल तर वाईनचा छोटा ग्लास चालेल. प्रत्येकात १५ मिली पुरे. चार ग्लासांचे ६० मिली होतात, तेही संपवायलाच हवेत असं नाही. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात, त्यात कमीपणा काही नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि ज्यांना दारू वर्ज्य आहे त्यांनी हा उद्योग करायचा नाही.

बर्फ नको, थंडीनं वास दबतो. अल्कोहोल मात्र सारखं करून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे. ५० टक्क्यांची बर्बन ४० टक्क्यांच्या आयरिशशेजारी ठेवली तर तुम्ही परंपरांची नाही, तिखटपणाची तुलना करता. हिशोब सोपा आहे: व्हिस्कीचे मिली गुणिले तिची टक्केवारी, भागिले ४०. येईल तेवढं एकूण माप व्हायला हवं. १५ मिली ५० टक्क्यांची असेल तर उत्तर येतं १८.७५, म्हणजे पावणेचार मिली साधं पाणी घाला. सुईविना सिरिंज असेल तर माप चुकत नाही.

क्रम हलक्याकडून जडाकडे: आयरिश, जपानी (घेतली असेल तर), बर्बन, राय (घेतली असेल तर). धुराची स्कॉच सगळ्यात शेवटी, कारण तो धूर नाकात बसला की पुढचं काहीच नीट कळत नाही. रंगावरून मात्र अंदाज बांधू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमेल घालायला परवानगी आहे, स्ट्रेट बर्बनमध्ये नाही.

वास

निम्म्याहून जास्त वेळ इथे द्या. ओतल्यावर दहा मिनिटं ग्लास तसेच राहू द्या. मग तोंड किंचित उघडं ठेवून, नाक ग्लासात न खुपसता कडेपाशी धरून हलका श्वास घ्या. झोंबलं तर ग्लास दूर न्या. मधेच आपल्या मनगटाचा वास घेतला की नाक पुन्हा ताजं होतं.

बर्बनपासून ओळख करून घेणं सोपं जातं. व्हॅनिला, जळकी साखर, कधी नारळ. हे सगळं त्या नव्या जाळलेल्या ओकमधून येतं: लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास देणारा व्हॅनिलिन तयार होतो, तर नारळाची छटा ओकमधल्या लॅक्टोनची. आता लगेच स्कॉचचा ग्लास नाकाशी आणा. तोच व्हॅनिला तिथेही सापडेल, पण पुसट. बर्बनला नवंच पिंप लागत असल्यामुळे वापरलेली पिंपं मोठ्या संख्येनं स्कॉटलंड आणि आयर्लंडला जातात, आणि तिथली व्हिस्की त्यांच्यातच मुरते. एका देशाच्या कायद्यानं दुसऱ्या देशाची चव घडवलेली अशी दोन ग्लासांत सापडते, आणि मला व्हिस्कीत याहून सुंदर काही वाटत नाही.

स्कॉचमधला धूर पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या इंधनाचा. मोड आणलेली बार्ली पीटच्या जाळावर वाळवली की धुरातले फिनॉल तिला चिकटतात. आयरिशमध्ये तो सहसा नसतो. तिथे बऱ्याचदा तीनदा ऊर्ध्वपातन होतं, म्हणून हलकेपणा जाणवतो. जेमसनमध्ये पॉट स्टिल व्हिस्कीचाही भाग असतो. ती मोड आणलेल्या आणि न आणलेल्या बार्लीच्या मिश्रणातून बनते, आणि कच्च्या बार्लीमुळे किंचित तेलकट, मसालेदार छटा येते. १७८५ मध्ये माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या धान्यावर, कर बसला, तेव्हा आयरिश उत्पादकांचा ओढा कच्च्या बार्लीकडे वाढला.

जपानी ग्लास स्कॉचच्या जवळचा वाटला तर नवल नाही. जपानचे मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला जाऊन व्हिस्की बनवण्याची विद्या शिकले, आणि परतल्यावर सनटोरीचे संस्थापक शिंजिरो तोरी यांनी १९२३ मध्ये काढलेल्या यामाझाकी डिस्टिलरीत रुजू झाले.

घोट

लहान घोट घ्या आणि सगळ्या तोंडभर फिरवा. पहिला घोट फक्त जिभेला सवय लावण्यासाठी, मत दुसऱ्यावर बनवा. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते पाहा. नंतर दोन थेंब पाणी घालून पुन्हा वास घ्या. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपातून दाखवलं की अल्कोहोल कमी असताना धुरकट वासाचा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जास्त राहतो.

डोळे झाकून खात्री

आता खरी परीक्षा. फरक कळतोय असं वाटणं आणि तो खरंच कळणं वेगळं. मदतीला कुणाला तरी घ्या. त्यांनी तुमच्या नकळत तीन ग्लास भरायचे: दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. खूण ग्लासाच्या तळाला. तुम्ही वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानंही तीनपैकी एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा जिंकल्यानं काही सिद्ध होत नाही. सहा फेऱ्या करा. त्यातल्या पाच किंवा सहा बरोबर आल्या तर ते निव्वळ नशिबानं घडण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. फेऱ्या वासावरच करा, प्यायची गरज नाही.

सुरुवात स्कॉच आणि बर्बनने करा, ती जमेल. मग आयरिश आणि जपानी. इथे बहुतेकांची दांडी उडते, आणि ते चांगलंच आहे: कोणत्या जोडीवर अजून काम करायचं ते कळतं. नोंदी करताना पुस्तकी शब्द टाळा. ओल्या लाकडाचा वास आला तर ओलं लाकूड असंच लिहा. किंमत आणि नाव नोंदीत शेवटी, मत लिहून झाल्यावर.

पुढच्या बैठकीला एकच गोष्ट बदला. रायचा अंश असलेली जिम बीम आणि त्याऐवजी गहू वापरणारी मेकर्स मार्क शेजारी ठेवा, दोन्ही ४० टक्क्यांवर आणून. दोन्ही बर्बनच, दोन्हींत मकाच जास्त, पिंपं नवीच. मग जो फरक जाणवेल त्यात धान्याचा वाटा मोठा असतो, आणि तो घशातल्या मिरमिरीत सगळ्यात आधी शोधा.