जँगोच्या एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक अ‍ॅप्सना यूआरएल कसे वाटून द्यावेत

प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची यूआरएल्स डॉट पाय फाइल द्या. (जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, अ‍ॅप म्हणजे प्रोजेक्टचा एकेक भाग, आणि ही फाइल म्हणजे कोणत्या पत्त्यावर काय उघडायचं याची यादी.) सगळे पत्ते प्रोजेक्टच्या मूळ फाइलमध्येच लिहा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिसरं अ‍ॅप आलं की त्या फाइलला हात लावायची भीती वाटू लागते. मूळ फाइलने एवढंच सांगायचं: ‘ब्लॉग/’ने सुरू होणारं सगळं ब्लॉग अ‍ॅपकडे, ‘शॉप/’ने सुरू होणारं शॉपकडे. त्यासाठी जँगोचं पाथ हे फंक्शन, आणि त्याच्या आत इन्क्लूड.

इन्क्लूड जुळलेला भाग कापतो आणि उरलेलाच अ‍ॅपकडे पाठवतो. म्हणून मूळ फाइलमधल्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश हवाच, आणि अ‍ॅपमधल्या पत्त्याच्या सुरुवातीला तो नको. शेवटचा स्लॅश विसरलात तर सातव्या लेखाचा पत्ता ‘ब्लॉग/७/’ऐवजी ‘ब्लॉग७/’ असा चिकटून तयार होतो.

आता नावं. इथे मी एकदा अख्खा दिवस घालवला आहे, म्हणून सावकाश सांगतो.

दोन्ही अ‍ॅप्समध्ये एकेका नोंदीच्या पानाला मी ‘डीटेल’ हेच नाव दिलं होतं. मूळ फाइलमध्ये ब्लॉग वर, शॉप खाली. ब्लॉगच्या यादीतल्या सातव्या लेखावर क्लिक केलं की शॉपमधली सातवी वस्तू उघडायची. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. मी व्ह्यू (पान तयार करणारा कोड) तपासला, टेम्प्लेट (पानाचा साचा) तपासलं, डेटाबेससुद्धा तपासला. मग दोन ओळींची अदलाबदल केली. ब्लॉग सुधारला आणि शॉपच्या लिंका लेखांवर जाऊ लागल्या.

कारण असं की जँगो दोन कामं उलट्या क्रमाने करतो. आलेला पत्ता जुळवताना वरून खाली जातो आणि पहिला जुळेल तो घेतो. नावावरून पत्ता बनवताना मात्र एकाच नावाचे, तेच आर्ग्युमेंट (इथे नोंदीचा क्रमांक) घेणारे दोन पत्ते असले, तर यादीतला शेवटचा जिंकतो. त्यामुळे ओळी वरखाली करून हा दोष कधीच जात नाही, फक्त दुसऱ्या अ‍ॅपच्या गळ्यात पडतो.

उपाय एकच: अ‍ॅपच्या यूआरएल्स फाइलमध्ये अ‍ॅप_नेम लिहा (हा त्या अ‍ॅपचा नेमस्पेस, म्हणजे त्याच्या नावांआधी लागणारी ओळख), आणि टेम्प्लेट, रिडायरेक्ट, रिव्हर्स (नावावरून पत्ता बनवणारं फंक्शन), सगळीकडे ‘ब्लॉग:डीटेल’ असं पूर्ण नाव वापरा. ‘ब्लॉग_डीटेल’ अशी लांब नावं ठेवूनही भागतं, पण मग प्रत्येकाने कायम ती शिस्त पाळायला हवी. मला तो भरवसा नको. नेमस्पेस नुसता इन्क्लूडमध्ये लिहू नका, जँगो २.० पासून अ‍ॅप_नेमशिवाय तो चालत नाही.

अ‍ॅप_नेम लिहिताक्षणी जुन्या लिंका नोरिव्हर्समॅच (या नावाचा पत्ता सापडला नाही) म्हणत मोडू लागतील. मोडू द्या. (अर्थात दोन्ही अ‍ॅप्समध्ये लिहिलंत तरच. एकात राहिलं, तर जुन्या लिंका गुपचूप त्या अ‍ॅपकडे जातील.) प्रत्येक एरर तुम्हाला दुरुस्त करायची नेमकी जागा दाखवतो. टेम्प्लेटमधल्या लिंकांसाठी ती पानं मात्र एकदा उघडून पाहावी लागतात, कारण हा एरर पान बनवतानाच येतो.

क्रमाचा एकच नियम लक्षात ठेवा: कोणताही स्लग (पत्त्यातला शब्दासारखा तुकडा) स्वीकारणारं अ‍ॅप सर्वांत खाली. ते रिकाम्या प्रीफिक्सने (आधी ‘ब्लॉग/’सारखं काहीच न लावता) वर बसवलं, तर ‘ब्लॉग’ हाच स्लग समजून ब्लॉगचं यादीपान गिळतं. ‘ब्लॉग/७/’ मात्र नीट उघडतं, कारण स्लगमध्ये स्लॅश बसत नाही. अर्धं अ‍ॅप चालतंय असं दिसल्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात.

शेवटी मॅनेज डॉट पाय चेक चालवा. पत्त्याच्या सुरुवातीला लागलेला स्लॅश आणि दोनदा वापरलेला नेमस्पेस तो पकडून देतो. मग प्रत्येक अ‍ॅपसाठी दोन ओळींची टेस्ट लिहा: रिव्हर्सला ‘ब्लॉग:डीटेल’ आणि ७ दिले की ‘/ब्लॉग/७/’ मिळतं का, आणि तोच पत्ता रिझॉल्व्हला (पत्ता जुळवणाऱ्या फंक्शनला) दिला की ‘ब्लॉग:डीटेल’ परत येतं का.