सर्व्हरवरचा डेटा राखणं: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा सिक्युरिटी टीममध्ये नव्याने आलेल्यांचा ओढा फायरवॉल आणि स्कॅनरकडे असतो. ती हत्यारं शिकायचीच आहेत, पण पहिलं काम त्याहून कंटाळवाणं आहे: जपण्यासारखा डेटा कुठे कुठे पडलाय, याची यादी करणं. मूळ डेटाबेस सगळ्यांना ठाऊक असतो. दुर्लक्ष होतं ते त्याच्या टेस्ट सर्व्हरवरच्या कॉपीकडे आणि कुणीतरी ‘तात्पुरत्या’ काढून ठेवलेल्या एक्सेल फाइलींकडे. यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा: कोणाचं लॉगिन चोरीला गेलं तर चोर इथवर पोचेल?

उत्तर शोधायला शेअर्ड फोल्डरपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त कचरा तिथेच निघतो. विंडोजमध्ये शेअरची परवानगी वेगळी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाइल-फोल्डरची, वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली कडक असेल ती लागू होते. त्यामुळे शेअरवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ दिसलं म्हणून लगेच बोंब मारू नका, आधी एनटीएफएस बघा. परवानगी माणसाला नव्हे, ग्रुपला द्या. माणसाची बदली झाली की ग्रुपमधून नाव काढलं, काम झालं.

इथे एक खोच आहे. त्याच ड्राइव्हवर फाइल कट-पेस्ट केली तर ती बहुधा जुन्या परवानग्या घेऊनच जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. म्हणजे सर्वांना खुल्या फोल्डरात तयार झालेली पगाराची शीट एचआरच्या बंद फोल्डरात हलवली, तरी पूर्ण पाथ माहीत असणारा ती उघडू शकतो. हलवल्यावर फाइलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये डोकावाच.

लिनक्सवर रूटचं (सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) थेट लॉगिन आणि पासवर्डने एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय), दोन्ही बंद करा. फक्त ‘की’ने, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने, होणारं लॉगिन चालू ठेवा. हा बदल करताना आधीचं उघडं सेशन बंद करू नका. दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने आत जाता येतंय हे पाहा, मगच पहिलं बंद करा. नाहीतर स्वतःच दाराबाहेर राहाल.

डेटाबेसचं पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार), मग ते मायएसक्यूएलचं ३३०६ असो वा पोस्टग्रेसचं ५४३२, फक्त अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या आयपीला उघडं हवं. बाहेर जाणारा ट्रॅफिकही अडवा. डेटाबेस सर्व्हरला इंटरनेटवर भटकायचं काय कारण? रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ थेट इंटरनेटवर कधीच नको, ते व्हीपीएन आणि दुसऱ्या फॅक्टरच्या (पासवर्डशिवायच्या आणखी एका पडताळणीच्या) मागेच असू द्या. पॅच वेळेवर लावा. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) मे २०१७ मध्ये पसरला. त्याने वापरलेल्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

डिस्क एन्क्रिप्ट केली की डेटा सुरक्षित, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते संरक्षण डिस्क चोरीला गेली तर, किंवा मशिन बंद असताना. चालू सर्व्हरवर लॉगिन करून आलेल्याला डेटा उलगडलेलाच मिळतो.

आता बॅकअप. रेड (एकाच सर्व्हरच्या अनेक डिस्कवर डेटा ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, रेप्लिकेशनही (दुसऱ्या सर्व्हरवर सतत होणारी नक्कल) नव्हे: चुकीचा डिलीट दोन्हीकडे इमानदारीत पोचतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिनं तपासणारे सर्व्हर) पुसले. ते एकमेकांशी सिंक होत होते, पण सगळेच एकदम गेले. वीज गेल्यामुळे घानातला एक ऑफलाइन होता, तेवढाच वाचला. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम पाळाच. त्यातली एक तरी नेटवर्कपासून तुटलेली किंवा ठरावीक मुदतीत कोणालाच पुसता न येणारी हवी. बॅकअप सर्व्हरला डोमेन अ‍ॅडमिनचं (सगळ्या नेटवर्कवर अधिकार असलेलं) लॉगिन चालत असेल तर रॅन्समवेअर आधी तिथेच जातं. आणि ‘सक्सेस’च्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. दर तिमाहीला एक डेटाबेस रिकाम्या मशिनवर रिस्टोर करा, अ‍ॅप्लिकेशन त्याला जोडून बघा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. एन्क्रिप्टेड बॅकअपची की त्याच सर्व्हरवर राहिलीय, हे अशा तालमीतच कळतं.

लॉग (सर्व्हरवर काय काय घडलं याच्या नोंदी) वेगळ्या सर्व्हरवर पाठवा, कारण घुसलेला आधी तेच पुसतो. विंडोजच्या लॉगमध्ये इव्हेंट क्रमांक ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे जमलेलं, ११०२ म्हणजे सिक्युरिटी लॉग साफ केला. एकाच खात्यावर ४६२५ ची रांग आणि पाठोपाठ ४६२४ दिसलं, तर आधी त्या माणसाला फोन लावा. सगळ्या मशिनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळलेली नसतील तर मात्र हा क्रम लावताच येत नाही.